जगात नंबर वन गाडी कंपनी कोणती? आधी गाड्या कशा मोजल्या ते बघा

‘जगातली सगळ्यात मोठी गाडी कंपनी’ अशी पोस्ट आली की खाली टोयोटावाले, फोक्सवॅगनवाले आणि टेस्लावाले भांडायला लागतात. गंमत म्हणजे तिघांनी दिलेला आकडा खरा असू शकतो. पण साताऱ्यात किंवा सांगलीत कर्ज काढून गाडी घेणाऱ्याला या भांडणाचा काय उपयोग? आकडा नीट वाचता आला, तर उपयोग आहे.

२०२४ मध्ये कोणी किती गाड्या विकल्या?

• टोयोटा समूह : सुमारे १ कोटी ८ लाख
• फोक्सवॅगन समूह : सुमारे ९० लाख
• ह्युंदाई-किया : सुमारे ७२ लाख
• जनरल मोटर्स : सुमारे ६० लाख
• बीवायडी : सुमारे ४३ लाख
• टेस्ला : सुमारे १८ लाख

आपली मारुती सुझुकी? २०२४-२५ या आर्थिक वर्षात, निर्यात धरून, सुमारे २२ लाख ३४ हजार. म्हणजे संख्येत ती टेस्लाच्या पुढे आहे. शेअर बाजारातली किंमत आणि विकलेल्या गाड्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून कळतं.

आता यातल्या चार मेख समजून घेऊ.

१. समूह की ब्रँड?

टोयोटाच्या आकड्यात दाइहात्सू आणि हिनो या कंपन्याही येतात. फक्त टोयोटा आणि लेक्सस धरले तर २०२४ चा आकडा सुमारे १ कोटी १ लाखावर येतो. फोक्सवॅगन समूहातही स्कोडा, ऑडी, पोर्शे असे बरेच ब्रँड आहेत. एका कंपनीचा समूह आणि दुसरीचा फक्त ब्रँड अशी तुलना केली, की हवा तो निकाल काढता येतो.

२०१७ मध्ये तर पहिल्या नंबरवर दोघांनी हक्क सांगितला होता. रेनो-निसान-मित्सुबिशी या आघाडीने सुमारे १ कोटी ६ लाख गाड्या विकल्या. फोक्सवॅगनचा आकडा सुमारे १ कोटी ७ लाख होता, पण त्यात मान आणि स्कॅनियाचे अवजड ट्रक होते. ट्रक धरले तर फोक्सवॅगन पुढे, वगळले तर आघाडी पुढे!

२. भागीदारीतली गाडी कोणाची?

हा प्रश्न साताऱ्याला नवा नाही. ‘प्रिया’ स्कूटर साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्समध्ये तयार व्हायची. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीत पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाचा २७ टक्के आणि बजाज ऑटोचा २४ टक्के वाटा होता. तंत्रज्ञान बजाजचं, कंपनी वेगळी. मग स्कूटर कोणाच्या खात्यात धरायची?

चीनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर होतं. जनरल मोटर्स आणि तिथली सायक कंपनी यांच्या भागीदारीत बनलेल्या गाड्या दोघीही आपापल्या आकड्यात दाखवतात. आपल्याकडे मारुती टोयोटाला ‘ग्लान्झा’सारख्या गाड्या बनवून देते. त्या मारुतीच्या एकूण विक्रीत येतात आणि टोयोटाच्या विक्रीतही.

३. कारखान्यातून निघाली की नंबर प्लेट लागली?

भारतात दर महिन्याच्या १ तारखेला कंपन्या ‘विक्री’ जाहीर करतात, ती बहुतेक वेळा डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांची असते. ग्राहकाने घेतलेल्या गाड्यांचा अंदाज आरटीओतल्या नोंदणीवरून येतो. डीलरांची संघटना ‘फाडा’ दर महिन्याला हेच आकडे देते. कंपनीचा आकडा वाढलाय आणि नोंदणी थंड आहे, म्हणजे गाड्या डीलरच्या यार्डात उभ्या आहेत. अशा वेळी सवलत मागायला जागा असते.

४. वर्ष कोणतं?

भारतीय आणि जपानी कंपन्यांचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असतं. बरेच जागतिक आकडे मात्र जानेवारी ते डिसेंबरचे असतात. वर मारुती आणि टेस्लाची तुलना केली, तिथेही वर्ष तंतोतंत एक नाही. फरक मोठा असल्याने निष्कर्ष बदलत नाही, पण चुरस असेल तर बदलू शकतो.

जगात मोठी म्हणजे आपल्याकडे टिकेलच का?

नाही. जनरल मोटर्सने २०१६ मध्ये जगभरात सुमारे १ कोटी गाड्या विकल्या होत्या. तरी २०१७ च्या अखेरीस तिने भारतात शेवरोले विकणं बंद केलं. तळेगावचा कारखाना आधी निर्यातीसाठी चालू राहिला, २०२० च्या अखेरीस तिथलं उत्पादन थांबलं आणि पुढे तो ह्युंदाईने घेतला. फोर्डनेही २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. जुन्या ग्राहकांना सेवा देत राहू असं दोन्ही कंपन्यांनी सांगितलं. पण शोरूम बंद झाली की जुनी गाडी विकताना भाव पडतो.

उलट सुझुकी जागतिक यादीत बरीच खाली आहे, पण तिच्या निम्म्याहून जास्त गाड्या भारतातच विकल्या जातात. इथून निघून जाणं तिला परवडणारं नाही.

मग बघायचं काय?

केंद्र सरकारच्या ‘वाहन’ डॅशबोर्डवर आरटीओनुसार आणि कंपनीनुसार नोंदणीचे आकडे कोणालाही मोफत बघता येतात. तिथे सातारा (एमएच ११), सांगली (एमएच १०) किंवा कराड (एमएच ५०) निवडा. तुम्हाला हव्या असलेल्या कंपनीच्या गेल्या तीन वर्षांत किती गाड्या नोंदल्या गेल्या आणि संख्या वाढतेय की घटतेय, ते तपासा. त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या तालुक्यापासून किती लांब आहे, तेही विचारा. जतच्या माणसाला दर सर्व्हिसला मिरजेपर्यंत जावं लागणार असेल, तर तो खर्चही गाडीच्या किमतीतच धरायला हवा.