तळ, पाल, छावणी आणि कॅम्प

अनुवादाच्या तासाला काही शब्द मुद्दाम फळ्यावर लिहावेत असे असतात. 'कॅम्प' हा त्यांपैकी एक. मराठीत त्याला प्रतिशब्दांची वाण नाही, पण प्रत्येक शब्दाबरोबर वेगळा माणूस येतो. शिबिरात स्वयंसेवक किंवा विद्यार्थी असतात. छावणीत सैन्य असते, आणि दुष्काळात गुरे. धनगरांचा वाडा बसतो. पाल ठोकणारा माणूस फिरस्ता असतो आणि गावाची नजर त्याच्यावर सहसा संशयाचीच असते. बिऱ्हाड तर सगळा संसारच. मात्र घरदार शाबूत असताना, चार दिवस हौसेने तंबूत राहायला जाणारा माणूस यांतल्या एकाही शब्दात बसत नाही. म्हणून आपण 'कॅम्पिंग' हा शब्द जसाच्या तसा ठेवला, आणि ते बरेच झाले असे मला आताशा वाटू लागले आहे. कारण इंग्रजीतला एकच शब्द जे झाकून टाकतो, ते मराठीत वेगवेगळे पडते. हे माझ्या लक्षात आले ते कॅनडातील एका अरण्याचा इतिहास वाचताना.

मॅनिटोबा प्रांताच्या पश्चिम भागात, सपाट गवताळ प्रदेशातून चारशे मीटरांहून अधिक उंच उठलेले एक पठार आहे. त्याला रायडिंग माउंटन म्हणतात. इथवर होडीने येणारे लोक पुढचा चढ घोड्यावरून चढत, म्हणून हे नाव पडले, असे सांगितले जाते. दक्षिणेकडून आलेली प्रेअरी इथे संपू लागते आणि उत्तरेचे स्प्रूसचे जंगल सुरू होते. पण हे संपणे आणि सुरू होणे एका रेषेवर घडत नाही. मध्ये ॲस्पेनची बने, त्यांच्यामधून गवताची मोकळी मैदाने आणि लहानमोठी तळी असा मैलोगणती पट्टा पसरलेला आहे. पूर्वेकडचे ओकही इथपर्यंत पोचले आहेत. वणवे लागत तोवर गवत टिकून राहत असे. त्यांतले काही वणवे माणसांनी हेतुपूर्वक लावलेले असत. वणवे थांबले की ॲस्पेन पुढे सरकतो आणि काही दशकांत मैदान झाकून टाकतो. तेव्हा ज्याला आपण 'निसर्गाची सीमारेषा' म्हणू, ती काही अंशी माणसाच्या हातांनीच राखलेली होती.

असा सीमाप्रदेश तळ देण्यास उत्तम. हिवाळ्यात उघड्या प्रेअरीवरचे वारे टाळण्यासाठी बायसनचे कळप झाडीच्या आश्रयाला येत आणि त्यांच्यामागे माणसेही. जंगलात लाकूड आणि फर, तळ्यांत मासे, मैदानात शिकार. ओजिब्वे लोकांचे वर्ष अशा मुक्कामांचे बनलेले होते. हा मुक्काम ठरलेल्या जागी, ठरलेल्या ऋतूत, ठरलेल्या कामासाठी असे; त्याला भटकंती म्हणणे चूक ठरेल. १८७१ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश राणीच्या नावाने झालेल्या दुसऱ्या क्रमांकाच्या करारात हा मुलूख आला. (त्याच राणीच्या सरकारने त्याच वर्षी हिंदुस्थानात जन्मजात गुन्हेगार ठरवणारा जमातींचा कायदा केला, हे सहज आठवले. पालांवर राहणारी माणसे एका जागी बसवावीत, ही इच्छा दोन्हीकडे होती.) कीसीकूवेनिन या ओजिब्वे समूहाला पठाराच्या दक्षिणेस नदीकाठी राखीव जमीन मिळाली, आणि १८९६ मध्ये क्लिअर लेक या मोठ्या तळ्याच्या काठी मासेमारीसाठी आणखी एक तुकडा. या दुसऱ्या जागेचा सरकारी क्रमांक ६१-अ. तिथे लाकडी घरे उभी राहिली, माणसे जन्मली, वारली आणि तिथेच पुरली गेली. भोवतालचे जंगल मात्र १८९५ पासूनच सरकारी इमारती लाकडासाठी राखून ठेवलेले होते.

राष्ट्रीय उद्यानाचा निर्णय १९२९ चा, रीतसर उद्घाटन २६ जुलै १९३३ चे. मधली वर्षे महामंदीची. बेकार पुरुषांना काम म्हणून जंगलात मदत-छावण्यांमध्ये आणून ठेवले गेले. रस्ते, पूर्वेचे लाकडी प्रवेशद्वार आणि तळ्याकाठच्या पर्यटकांच्या वसाहतीतल्या ओंडक्यांच्या देखण्या इमारती या लोकांनी बांधल्या. म्हणजे दुसऱ्याच्या सुटीची जागा साफ करण्यासाठी हे स्वतः कॅम्पात राहिले, आणि तेही पोटासाठी. आज त्या इमारतींचे वारसा म्हणून जतन होते. त्या बांधणाऱ्यांना मात्र पुन्हा तिथे हवा खायला येणे परवडले असेल का, कोण जाणे. वसाहतीला नाव दिले गेले वासागामिंग. हा ओजिब्वे शब्द आहे. त्याचा अर्थ स्वच्छ पाणी.

याच उभारणीच्या काळात, १९३१ मध्ये, उद्यानात दोन प्रदर्शनीय गोष्टी आणल्या गेल्या. एक, बायसनचा छोटा कळप, कुंपणाच्या आत. प्रेअरीवरून तो केव्हाच नाहीसा झाला होता. आणि दुसरी, ग्रे आऊल. पिसे, वेण्या, हरणाच्या कातड्याचा अंगरखा, सोबत पाळलेले बीव्हर. आई अपाची होती असे तो सांगे. उद्यान खात्याने त्याला पगारी नेमले आणि एका तळ्याकाठी त्याला केबिन बांधून दिली. पण त्या उन्हाळ्यात पाणी उतरले, बीव्हरांना ते सोसेना, म्हणून शरदात त्याला पश्चिमेकडील सस्कॅचेवानमधल्या प्रिन्स अल्बर्ट उद्यानात हलवले. तिथल्या अजावान तळ्याकाठच्या केबिनमध्ये राहून त्याने लिहिलेल्या पुस्तकांनी इंग्लंडमध्ये खळबळ उडवली. १९३७ मध्ये त्याने राजवाड्यात भाषणही केले. १३ एप्रिल १९३८ रोजी तो वारला आणि लगोलग वर्तमानपत्रांनी उघड केले की हा आर्चिबाल्ड बेलनी, १८८८ मध्ये इंग्लंडातील हेस्टिंग्ज येथे जन्मलेला शुद्ध इंग्रज.

साहित्याचे विद्यार्थी ग्रे आऊलविषयी बोलतात तेव्हा चर्चा सहसा लेखकाच्या खरेखोटेपणाशी थांबते. तोतया म्हणायचे की नाही, पुस्तकांचे मोल कमी होते की नाही वगैरे. तो प्रश्न मला दुय्यम वाटतो. बीव्हरविषयीची त्याची कळकळ खरी होती आणि तिचा उपयोगही झाला. अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. ज्या खात्याने वेष घेतलेल्या इंग्रजाला, तो 'इंडियन' आहे म्हणून, रायडिंग माउंटनवर घर बांधून दिले, त्याच खात्याच्या कारभारात पाच वर्षांनी त्याच पठारावरच्या खऱ्या ओजिब्वेंची घरे गेली.

उद्यानाची हद्द आखताना ६१-अ हा तुकडाही आत घेतला गेला होता. जमातीने तो रीतसर सोडून दिलेला नव्हता. १९३६ मध्ये कुटुंबांना हुसकावून काढण्यात आले आणि त्यांची घरे जाळण्यात आली. दफनभूमी तेवढी राहिली. आता त्याच तळ्यावर शहरातून आलेली कुटुंबे तंबू लावत होती, मासे धरत होती, संध्याकाळी शेकोटीभोवती बसत होती. या सगळ्या गोष्टी ओजिब्वे तिथे करतच आले होते. फरक इतकाच की नव्या माणसांकडे प्रवेशशुल्काची पावती होती आणि परत जायला दुसरीकडे घर होते.

आणखी सात वर्षांनी त्याच उद्यानात चौथा कॅम्प वसला. युद्धकाळात जळाऊ लाकडाची टंचाई पडली, तेव्हा १९४३ च्या शरद ऋतूत आफ्रिकेतल्या लढायांत पकडलेले चारशेहून अधिक जर्मन सैनिक व्हाइटवॉटर तळ्याकाठी लाकूडतोडीसाठी आणले गेले. काटेरी कुंपण नव्हते. झाडांवर केलेल्या खुणा हीच हद्द. शेकडो चौरस मैलांचे हिमाच्छादित जंगल असताना पळणार कुठे? त्यांना रोज ५० सेंट मिळत. फावल्या वेळात त्यांनी झाडांची खोडे कोरून होड्या बनवल्या. १९४५ मध्ये कॅम्प उठला. युद्धकैद्यांना या अरण्यात जेवढी मोकळीक मिळाली, तेवढी त्या वेळी ६१-अ च्या रहिवाशांना त्यांच्या स्वतःच्या तळ्याकाठी नव्हती, हे वाचताना पुस्तक काही वेळ मिटून ठेवावे लागते.

१९९४ मध्ये, दीर्घ दाव्यानंतर, क्लिअर लेककाठची ती जमीन कीसीकूवेनिन समूहाकडे परत येऊ लागली. मध्ये अठ्ठावन्न वर्षे गेली होती. बालपणी ज्यांनी घरे जळताना पाहिली, ते आता म्हातारे झाले होते.

हा सगळा मजकूर मी मागच्या वर्षी एम.ए.च्या वर्गाला अनुवादासाठी दिला. १९३६ च्या प्रसंगाशी आल्यावर एका हुशार विद्यार्थिनीने लिहिले होते, 'ओजिब्वेंचे तळ हलवण्यात आले.' वाक्य निर्दोष, ओघवते. मी 'तळ' खोडून वर 'घरे' लिहिले, 'हलवण्यात' खोडून 'जाळण्यात' लिहिले. तिने विचारले, "पण सर, आधीच्या परिच्छेदात आपणच 'तळ' म्हटले आहे ना?" म्हटले होते खरे. मग आम्ही मागे जाऊन तो परिच्छेद पुन्हा करायला बसलो.