मिंदानाओ विकास प्राधिकरण

मिंदानाओ विकास प्राधिकरण : फिलिपीन्सच्या दक्षिण भागातील मिंदानाओ या बेटाच्या आर्थिक व सामाजिक विकासाकरिता स्थापन झालेली शासकीय संस्था. मुख्य कार्यालय दाव्हाओ येथे. ही संस्था प्रथम १९६१ मध्ये अस्तित्वात आली, १९७५ मध्ये विसर्जित झाली आणि २०१० च्या अधिनियमाने त्याच नावाने पुन्हा स्थापण्यात आली. मधल्या काळात तिची जागा घेणाऱ्या संस्थांकडे विकासाबरोबरच शांतता प्रस्थापित करण्याचे कार्यही आले. त्यामुळे अशांत प्रदेशात विकासयंत्रणेला काय साधता येते व काय साधता येत नाही, याचे उदाहरण म्हणून तिचा इतिहास अभ्यसनीय ठरतो.

पार्श्वभूमी : मिंदानाओ हे फिलिपीन्समधील दुसऱ्या क्रमांकाचे मोठे बेट. येथील व सूलू द्वीपसमूहातील मागिंदानाओ, मारानाओ, ताउसुग इ. मुस्लिम जमातींना एकत्रितपणे ‘मोरो’ म्हणतात, तर बेटावरील मुस्लिमेतर आदिवासींना ‘लुमाद’ अशी संज्ञा आहे. स्पॅनिश सत्तेला या प्रदेशावर पूर्ण ताबा कधीच मिळाला नाही. १८९८ च्या पॅरिस तहान्वये फिलिपीन्स अमेरिकेकडे गेले व मोरोंचा प्रदेशही त्यात अंतर्भूत झाला. मोरोंच्या प्रतिकारानंतरही अमेरिकन सत्ता स्थिर झाली आणि उत्तरेकडील दाट वस्तीच्या बेटांवरील ख्रिस्ती शेतकऱ्यांना येथे जमिनी देऊन वसविण्याचे धोरण सुरू झाले. १९३९ मध्ये राष्ट्रीय भूवसाहत प्रशासनाच्या वतीने जनरल पाउलीनो सांतोस यांच्या नेतृत्वाखाली कोरोनादाल खोऱ्यात वसाहती उभ्या राहिल्या. स्वातंत्र्योत्तर काळातही (१९४६ नंतर) हे धोरण चालू राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी मिंदानाओच्या लोकसंख्येत सु. तीन-चतुर्थांश असलेले मोरो शतकाच्या अखेरीस सु. एक-पंचमांश उरले. वडिलोपार्जित वहिवाटीच्या जमिनीला कागदोपत्री आधार नसल्याने मोरो आणि लुमाद या दोहोंच्याही हातून ती निसटत गेली.

स्थापना व पहिला कालखंड : कृषी, खनिजे, वने व जलशक्ती यांनी संपन्न असलेला हा प्रदेश राष्ट्राच्या उत्पन्नात मोठी भर घालीत असला, तरी रस्ते, शिक्षण व आरोग्य यांबाबतीत मागासलेला होता. हा असमतोल दूर करण्यासाठी १९६१ च्या अधिनियमाने मिंदानाओ, सूलू व पालावान यांच्याकरिता या प्राधिकरणाची स्थापना झाली. तथापि जमिनीच्या मालकीचे व वसाहतींचे प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरच राहिले आणि पुढील दशकात त्यांनीच उग्र रूप धारण केले. १९६८ मध्ये कोरेगिडोर बेटावर लष्करी प्रशिक्षणासाठी नेलेल्या मोरो तरुणांची हत्या झाल्याने असंतोष भडकला. सप्टेंबर १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष फेर्दिनांद मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारल्यावर नूर मिसुआरी यांच्या मोरो राष्ट्रीय मुक्ती आघाडीने सशस्त्र लढा आरंभिला. १९७४ मधील लढाईत सूलूमधील होलो शहर भस्मसात झाले.

दक्षिण फिलिपीन्स विकास प्राधिकरण : युद्ध चालू असतानाच मार्कोस यांनी १९७५ मध्ये अध्यादेश क्र. ६९० द्वारे जुने प्राधिकरण रद्द करून दक्षिण फिलिपीन्स विकास प्राधिकरण स्थापन केले. विकासकार्याने बंडाचे मूळ नाहीसे होईल, ही त्यामागील भूमिका होती. २३ डिसेंबर १९७६ रोजी झालेल्या त्रिपोली करारात तेरा प्रांतांच्या स्वायत्ततेचे तत्त्व मान्य झाले. परंतु शासनाने त्याची अंमलबजावणी आपल्या अटींवर केल्यामुळे संघर्ष पुन्हा सुरू झाला. १९८९ च्या सार्वमतात केवळ चार प्रांतांनी स्वायत्त प्रदेशात सामील होण्यास संमती दिली. १९९२ मध्ये संपूर्ण बेटासाठी मिंदानाओ आर्थिक विकास परिषद स्थापन झाली. ब्रूनाई, इंडोनेशिया, मलेशिया व फिलिपीन्स यांच्या १९९४ मधील पूर्व आसियान विकासक्षेत्रात फिलिपीन्सच्या बाजूने समन्वयाचे कार्य तिच्याकडे आले.

राष्ट्राध्यक्ष फिदेल रामोस यांच्या कारकीर्दीत मिसुआरींशी अंतिम शांतता करार झाला (२ सप्टेंबर १९९६). त्यानुसार शांतता व विकास परिषद निर्माण करण्यात आली आणि मिसुआरी तिचे अध्यक्ष झाले. दक्षिण फिलिपीन्स विकास प्राधिकरणासारख्या संस्था या परिषदेच्या देखरेखीखाली आणण्याची तरतूद करारात होती. बंडखोर नेत्याच्या हाती विकासयंत्रणा सोपविण्याचा हा प्रयोग अपूर्व होता. मात्र परिषदेला स्वतंत्र कायदेविषयक वा करविषयक अधिकार नव्हते व ती राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीत होती. करारापासून अलिप्त राहिलेल्या मोरो इस्लामी मुक्ती आघाडीचा लढा चालूच राहिला आणि २००१ मध्ये मिसुआरी यांनीही पुन्हा बंड केले.

पुनरुज्जीवन : फेब्रुवारी २०१० मधील अधिनियम क्र. ९९९६ अन्वये आर्थिक विकास परिषदेचे मिंदानाओ विकास प्राधिकरणात रूपांतर झाले. कार्यकारी आदेशावर अवलंबून असलेल्या संस्थेला त्यामुळे संसदीय कायद्याचे अधिष्ठान लाभले. नियोजन, विविध खाती व स्थानिक शासने यांत समन्वय साधणे आणि गुंतवणुकीस चालना देणे, ही तिची प्रमुख कार्ये होत. २०११–३० या कालावधीसाठी आखलेल्या तिच्या आराखड्याच्या शीर्षकातच शांतता व विकास ही दोन्ही उद्दिष्टे एकत्र आली आहेत.

राजकीय तडजोड मात्र स्वतंत्र मार्गाने झाली. २७ मार्च २०१४ रोजी शासन व मोरो इस्लामी मुक्ती आघाडी यांच्यात सर्वंकष करार झाला. २०१७ मध्ये इस्लामी अतिरेक्यांनी मारावी शहराचा ताबा घेतला. पाच महिन्यांच्या लढाईत शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. त्यानंतर २०१८ चा मूलभूत अधिनियम व २०१९ मधील सार्वमत यांनुसार बांगसामोरो स्वायत्त प्रदेश अस्तित्वात आला. त्याला स्वतःचे विधिमंडळ, राष्ट्रीय करउत्पन्नातून दरवर्षी आपोआप मिळणारे अनुदान आणि दहा वर्षांपर्यंत प्रतिवर्षी पाच अब्ज पेसोंचा विशेष विकासनिधी देण्याची तरतूद आहे. सूलू प्रांताने सार्वमतात विरोधी कौल दिला असल्याने सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्याला या प्रदेशातून वगळले.

मूल्यमापन : मिंदानाओतील प्रत्येक संस्थेची रचना व नाव बदलले, तरी १९६१ पासून २०१० पर्यंत भूमी, महसूल व कायदा यांविषयीचे अंतिम निर्णय मॅनिलातच होत राहिले. रस्ते, वीज व बाजारपेठा यांची गरज मोरोंनाही होती. परंतु हीच साधने नव्या वसाहतींचा मार्ग सुकर करतात, हा त्यांचा अनुभव होता. म्हणून विकासाची योजना त्यांना अनेकदा बेदखलीची पूर्वतयारी वाटली. अधिकार व निधी यांचे हस्तांतर एकत्र झाल्यावरच दीर्घकालीन युद्धबंदीला करारबद्ध शांततेचे रूप येऊ लागले. संपूर्ण बेटाचा समन्वय साधणारे प्राधिकरण आणि स्वतःचे नियोजन करणारा स्वायत्त प्रदेश, अशी दुहेरी व्यवस्था त्यातून निर्माण झाली आहे. लुमादांचे भूमिहक्क व मारावीतील विस्थापितांचे पुनर्वसन या प्रश्नांवर तिचे यश अवलंबून आहे.