'आर्थिक सल्लागार' ही पाटी

स्मरणिकेसाठी आपापल्या व्यवसायाबद्दल लिहा, असं संपादक मंडळानं कळवलं. गणितात काठावर पास होणारा हा लोकांच्या पैशाचं काय सांगणार, असं तुमच्यातले काही जण म्हणतीलच! म्हणून माझ्यापेक्षा माझ्या धंद्याचा इतिहास सांगतो.

आपल्या आईवडिलांच्या काळात घरी 'सल्लागार' येत नसे, विमा एजंट येई. 1956 साली 245 विमा कंपन्या आणि संस्था मिळून एलआयसी झाली. तिचे एजंट, पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करणाऱ्या अल्पबचतवाल्या ताई, 1964 नंतर यूएस-64ची युनिटं विकणारे, सगळ्यांची मिळकत कमिशनची. त्यात लपवाछपवी नव्हती, पण कुणी विचारतही नसे.

1993 मध्ये खासगी म्युच्युअल फंड आले. पुढं दोनेक वर्षांनी मी त्यांचे फॉर्म भरून घेऊ लागलो आणि दारावर पाटी लावली, 'आर्थिक सल्लागार'. निवृत्तीनंतर आपले गणिताचे सर आले. एक लाखाचा चेक लिहिता लिहिता म्हणाले, "यात तुला काय मिळतं रे?"

"सर, ते कंपनी देते."

उत्तर अर्धंच होतं. शेअरच्या योजनांत तेव्हा सव्वादोन टक्क्यांपर्यंत एंट्री लोड कापला जाई. म्हणजे सरांच्या लाखातले सुमारे 2,200 रुपये गुंतलेच नाहीत आणि माझं कमिशन त्यातूनच आलं.

1 ऑगस्ट 2009 पासून सेबीनं हा लोड बंद केला. सल्ल्याचे पैसे हवेत, तर ग्राहकाकडून वेगळे घ्या! आम्ही सगळे चिडलो, मीही. खरं तर वेगळा चेक मागायचा, तर त्याच्या तोलाचा सल्ला द्यावा लागणार होता, भीती त्याची होती. 2013 मध्ये गुंतवणूक सल्लागारांसाठी स्वतंत्र नियम आले. फी ग्राहकाकडून घेणारा तो सल्लागार, कमिशन फंडाकडून घेणारा तो वितरक. 2020च्या दुरुस्तीनंतर तर वितरकानं स्वतःला सल्लागार म्हणवणंच बंद झालं.

मी वितरकच राहिलो, घर कमिशनवरच चालतं. पाटी मात्र उतरवली. लॉकडाऊन सैल झाल्यावर सर आले, नवी पाटी वाचली आणि जुनाच प्रश्न विचारला. या वेळी वर्षाला मिळणारा आकडा मी कागदावर लिहून दिला, आणि खाली ते जुने 2,200ही.

सरांनी चष्मा लावून गुणाकार तपासला. पैसे काही काढून घेतले नाहीत.