कारंजाची ‘क’ प्रत : नकलेच्या वंशावळीविषयी काही विचार

हस्तलिखितांची छायाचित्रे ज्या हार्ड डिस्कवर साठविली आहेत, तिची दुसरी प्रत कोणत्या सॉफ्टवेअरने करावी, हा प्रश्न आज संशोधनसंस्थांपुढे वारंवार येतो. त्याचा निर्णय बहुधा वेग आणि किंमत पाहून केला जातो. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथील एका पोथीचा इतिहास पाहिल्यास, या कसोट्या कितपत पुरेशा आहेत याविषयी शंका उत्पन्न होते.

वीरसेनाचार्यांची ‘धवला’ ही षट्खंडागमावरील टीका इ. स. ८१६ मधील. तिची जुनी कन्नड लिपीतील ताडपत्रे केवळ मूडबिद्रीच्या भांडारात शिल्लक होती व तीही जीर्ण होत चालली होती. सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद या शेठजींच्या प्रयत्नाने १८९६ मध्ये नकलेस आरंभ झाला. नक्कल मूडबिद्रीबाहेर जाऊ नये अशी व्यवस्थापकांची इच्छा होती. परंतु नकलकार गजपती उपाध्याय यांनी गुप्तपणे एक कन्नड प्रत स्वतःसाठी करून घेतली. ती सहारनपुरास गेली. तेथे ती नागरीत उतरविणारे सीताराम शास्त्री यांनीही एक प्रत आपल्याजवळ ठेवली आणि तिच्यावरून आरा, अमरावती, कारंजा इत्यादी ठिकाणच्या प्रती निघाल्या. चोरीची म्हणावी अशी ही कृती ग्रंथाला मात्र उपकारकच ठरली.

अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्रा. हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये धवलेचा पहिला भाग प्रसिद्ध केला, तेव्हा कारंजाच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमाची प्रत त्यांच्या आधारप्रतींपैकी एक होती. (कारंजा त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते, वाशीम जिल्हा १९९८ चा.) अमरावती, आरा व कारंजा अशा तीन प्रती समोर असूनही साक्ष वस्तुतः एकच होती, कारण तिघींचा उगम एका नकलेत होता. ९३ व्या सूत्रात ‘संजद’ हा शब्द असावयास हवा, असे संपादकांना अर्थसंगतीवरून वाटले व त्यांनी तळटीपेत तसे सुचविले. मनुष्यस्त्रीला पूर्ण संयमाचे गुणस्थान संभवते की नाही, या प्रश्नाशी तो शब्द निगडित असल्याने दिगंबर पंडितांत मोठा वाद माजला. पुढे ताडपत्रे पाहिली गेली, तेव्हा त्यांत तो शब्द आढळला. तीन प्रतींच्या एकमताने जे सिद्ध झाले नसते, ते मूळ पाहिल्याने झाले.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा : नक्कल झाल्यावर ते मूळ व प्रत यांची तुलना करते काय? दोहोंवरून गणिताने काढलेली अंकमुद्रा, म्हणजे चेकसम, जुळवून पाहणे हे ताडपत्राशी पाठ ताडण्यासारखेच आहे. दुसरा प्रश्न, नक्कल कशाची? क्लोनझिला सामान्यतः डिस्कचे वापरलेले भागच उचलते. नित्याच्या बॅकअपला ते पुरेसे होय. परंतु पुसल्या गेलेल्या फाइली शोधावयाच्या असतील, तर रिकामा दिसणारा भागही उतरवून घ्यावा लागतो.

डिस्क सदोष असेल तेव्हा खरा भेद दिसतो. युनिक्सपासून चालत आलेली ‘डीडी’ वाचनदोष येताच थांबते. दोष ओलांडून जाण्याचा व जागा भरून काढण्याचा पर्याय दिला, तर न वाचलेल्या जागी ती शून्ये भरते. मग प्रत अखंड दिसते आणि गळालेल्या जागेची खूण प्रतीत उरत नाही. ‘डीडीरेस्क्यू’ला नोंदफाइल दिली असता कोणता भाग वाचता आला नाही हे ती वेगळे लिहून ठेवते व त्या जागी पुन्हा प्रयत्न करता येतो. गळालेल्या अक्षरांच्या जागी रेघा ओढणारा लेखनिक आणि ओळी सलग जोडून टाकणारा लेखनिक यांत जो फरक, तोच येथे आहे.

राहिला लिपीचा प्रश्न. काही सॉफ्टवेअर प्रत स्वतःच्या खास स्वरूपात साठवतात. नॉर्टन घोस्टची विक्री २०१३ मध्ये थांबली. त्याच्या फाइली उघडण्यासाठी ते जुने सॉफ्टवेअर किंवा तिचे स्वरूप जाणणारे दुसरे साधन हाताशी असावे लागते. सहारनपुरास पोचलेल्या कन्नड प्रतीलाही नागरी रूप देणारा जाणकार बोलवावा लागला होता.