धुळीची उंची मोजणारा प्रकाश

आकाशांत धूळ किती पसरली आहे हें जाणणें निराळें, आणि ती किती उंचीवर आहे हें जाणणें निराळें. उपग्रहानें घेतलेल्या साध्या छायाचित्रांत विस्तार दिसतो. उंची स्पष्ट होत नाहीं. परंतु ढगांच्या वर तरंगणारा काळा धूर सूर्यप्रकाश शोषून हवा तापवितो. तोच ढगांखालीं असल्यास त्यास तितका प्रकाश मिळत नाहीं. म्हणून उंची कळल्यावांचून धुळीचा व धुराचा हवामानावर होणारा परिणाम कळत नाहीं.

प्रकाशानेंच आकाश मोजावें, ही कल्पना लेसरहून जुनी आहे. १९३० मध्यें सिंज या आयरिश शास्त्रज्ञानें शोधदीपाच्या झोतानें वरच्या हवेची घनता मोजण्याची युक्ति सुचविली. १९३७ मध्यें अमेरिकेंत हल्बर्ट यानें असा झोत २८ किलोमीटर उंचीपर्यंत टिपला. १९६० मध्यें लेसर निर्माण झाला, आणि १९६३ मध्यें फिओक्को व स्मलिन यांनीं त्याचे क्षणिक झोत आकाशांत सोडले. प्रकाश परतण्यास लागणाऱ्या वेळावरून उंची काढणारें हें साधन म्हणजेच लिडार.

सप्टेंबर १९९४ मध्यें ‘डिस्कव्हरी’ यानांतून लिडारनें प्रथम वरून खालीं पृथ्वीचें वातावरण न्याहाळलें. पुढें २८ एप्रिल २००६ रोजीं अमेरिका व फ्रान्स यांनीं ‘कॅलिप्सो’ हा उपग्रह ७०५ किलोमीटर उंचीवर धाडला. तो हिरवा व अवरक्त असे दोन प्रकाश सोडी. दोहोंच्या परतलेल्या अंशांच्या तुलनेवरून कणांच्या आकारमानाचा अंदाज येई. गोल थेंबावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा बहुधा कायम राहते; ओबडधोबड धूलिकण ती बदलतो. यावरून धूळ ओळखतां येई. पहिल्या लेसरच्या बंद कोठींतील दाब गळतीमुळें उतरत गेला, तेव्हां मार्च २००९ मध्यें राखीव लेसर कामास लाविला. ऑगस्ट २०२३ मध्यें हें कार्य संपलें.

त्याच्या २००७ ते २०१३ या काळांतील मोजणीवरून शास्त्रज्ञांनीं एक हिशेब मांडला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून दरवर्षीं सरासरी सुमारें १८ कोटि टन धूळ पश्चिमेस जाते, आणि तींतील सुमारें पावणेतीन कोटि टन अॅमेझॉनच्या खोऱ्यांत पडते. तिच्यासवें सुमारें २२ हजार टन फॉस्फरस येतो; पाऊस व पूर तेथून जितका वाहून नेतात, जवळजवळ तितकाच. मात्र ही धूळ सर्व वर्षीं सारखी येत नाहीं. त्यामुळें एका खंडाच्या वाळवंटांतील पावसाचें मान बदललें, तर समुद्रापलीकडील अरण्याच्या पोषणावरही त्याचा परिणाम होऊं शकतो.

मे २०२४ मध्यें युरोप व जपान यांनीं ‘अर्थकेअर’ उपग्रहाबरोबर नवा लिडार अवकाशांत पाठविला. वाऱ्यावर उडणाऱ्या धुळीचा हिशेब ठेवण्याचें काम असें पुढें चालू राहिलें आहे.