दोन तालमी

कोल्हापुरात 'तालीम' हा शब्द कानी पडला, की ऐकणाऱ्याला प्रथम आठवतो तो तांबड्या मातीचा आखाडा. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी ही नावे त्यामागोमाग ओठांवर येतात, आणि तेथील गुरूला 'वस्ताद' म्हणतात हे कोणाला सांगावेही लागत नाही. परंतु याच करवीरनगरीत, राजर्षी शाहू छत्रपतींच्याच आश्रयाने, सुमारे पाव शतक आणखी एक तालीम चालू होती, जिच्यात माती नव्हती, लंगोट नव्हता, मात्र दमसासाची कसोटी तितकीच कठोर होती. वस्ताद आणि उस्ताद हे मुळात एकच शब्द होत. या दुसऱ्या तालमीचे उस्ताद होते जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ.

१० ऑगस्ट १८५५ रोजी राजपुतान्यातील उणियारा येथे जन्मलेल्या खाँसाहेबांना चुलते जहांगीरखाँ यांच्याकडून आधी ध्रुपदाची आणि मग ख्यालाची वर्षानुवर्षे तालीम मिळाली. जयपुरास मुबारकअलीखाँ यांच्या पेचदार तानांनी त्यांच्या मनावर कायमचा ठसा उमटविला. पुढे आमलेटा येथील ठाकुरांच्या पदरी असता गाण्याच्या अतिरेकाने त्यांचा आवाज बसला, आणि दीर्घकाळानंतर तो परतला तेव्हा पूर्वीचे माधुर्य त्यात उरले नव्हते. मल्लाचा गुडघा निखळावा तसाच हा आघात. दुसरा एखादा असता तर जुन्या कीर्तीवर दरबारी तनखा खात बसला असता. खाँसाहेबांनी मात्र जो कंठ हाती उरला त्यालाच साजेल अशी निराळी गायकी बुद्धीच्या बळावर रचली.

ही गायकी मला प्रथम भेटली ती केसरबाई केरकरांच्या एका जुन्या तबकडीवर, आणि खरे सांगावयाचे तर पहिल्या ऐकण्यात ती मुळीच आवडली नाही. दाद कोठे द्यावी हेच उमगेना. खासबागेत नवख्या प्रेक्षकाला दोन मल्ल नुसते एकमेकांना रेटताना दिसतात आणि शेजारच्या म्हाताऱ्याला त्याच रेटारेटीत डाव दिसतो, तशीच माझी गत झाली होती. पुन्हापुन्हा ऐकल्यावर ध्यानी आले, की येथे तान सरळ चढतच नाही. ती एक पाऊल पुढे टाकते, मागे वळते, भलत्याच स्वराला वळसा घालते, आणि श्वास आता तुटणार असे वाटत असतानाच मुखडा धरून बिनचूक समेवर येते. उघडा आकार, लयीच्या अंगाने चालणारी बढत, आणि बसंती केदार किंवा नट कामोद यांसारख्या जोडरागांत दोन रागांचा सांधा दिसू न देण्याचे कसब, ही या घराण्याची ओळख होय.

१८९४ साली शाहू महाराजांस राज्याधिकार प्राप्त झाले आणि १८९५ च्या सुमारास खाँसाहेब करवीर दरबारच्या सेवेत रुजू झाले. ज्या राजाने १९१२ साली खासबागेचे कुस्तीमैदान उभारले त्यानेच १९१५ साली त्यालगत पॅलेस थिएटर बांधून दिले. बल आणि कला यांचा शेजार कोल्हापुरास नवा नव्हता. या काळात भास्करबुवा बखले खाँसाहेबांकडे शिकले, गोविंदराव टेंब्यांनी त्यांना जवळून पाहिले व पुढे त्यांचे चरित्र लिहिले, आणि पुत्र मंजीखाँ व भुर्जीखाँ त्याच शिस्तीत तयार झाले. त्यांपैकी भुर्जीखाँ अंबाबाईच्या मंदिरात गानसेवा करीत. ६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तले, तेव्हा खाँसाहेबांनी मुंबई गाठली. तेथेच १६ मार्च १९४६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

खाँसाहेबांच्या आवाजाची एकही तबकडी उपलब्ध नाही. दैवाचा खेळ असा, की त्यांच्या शिष्या केसरबाई यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीत बसून सूर्यमालेबाहेर निघाली. यानांच्या प्रस्थानानंतर काही दिवसांतच, १६ सप्टेंबर रोजी, केसरबाई गेल्या.

तेव्हा खाँसाहेबांना ऐकण्याची वाट एकच, आणि ती शिष्यांच्या गळ्यातून जाते. आधी केसरबाई लावाव्या, मग मोगूबाई कुर्डीकर, मग मंजीखाँ-भुर्जीखाँचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर. तिघांचे आवाज तीन जातींचे आहेत. त्या तिघांत जे समान ऐकू येईल, ते खाँसाहेबांचे समजावे.