मुख्याध्यापक ट्रेनिंगला गेले, गावाला काय मिळाले? शिक्षण परिषदेपासून शाळाभेटीपर्यंतची सगळी माहिती

शाळा भरलेली आहे, पण दोनपैकी एकच गुरुजी वर्गात दिसतात. मग पारावर विषय निघतोच, ‘हेडमास्तर परत ट्रेनिंगला गेले वाटतं.’ कोणी म्हणतं मीटिंग असेल, कोणी म्हणतं फिरायला गेले असतील. नेमके कुठे गेले, कशाला गेले आणि तिथून काय घेऊन आले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

पालकांची तक्रार खोटी नाही. दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक बाहेर गेला की सगळ्या वर्गांची पोरं दुसऱ्याच्या अंगावर पडतात. त्या दिवशी शिकवणे कमी आणि सांभाळणे जास्त होते. पण याला दुसरी बाजूही आहे. शेतकरी शिवारफेरीला जातो, दुसऱ्याचा प्लॉट बघतो, त्याने पाणी कसे दिले ते विचारतो, मग आपल्या रानात बदल करतो. नुसते आपल्याच बांधावर बसून राहिले तर चूक कळत नाही. शाळेचेही तसेच आहे. म्हणून या फेऱ्या बंद करा म्हणण्यापेक्षा त्यांचा हिशेब गावाने घेतला पाहिजे. तो कसा घ्यायचा, त्याची ही माहिती.

आपल्या शाळेला मुख्याध्यापक आहे का?

आधी हे बघावे लागते. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० पेक्षा जास्त पट असेल तर मुख्याध्यापकाचे वेगळे पद असते. सहावी ते आठवीसाठी ही संख्या १०० पेक्षा जास्त आहे. ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक असतात.

म्हणजे वाडीवस्तीवरच्या बहुतेक शाळांना स्वतंत्र मुख्याध्यापक नसतोच. दोघांपैकी जे ज्येष्ठ, त्यांच्याकडे प्रभार असतो. ते वर्गही घेतात, पोषण आहाराचा हिशेबही ठेवतात, ऑनलाइन माहितीही भरतात. डी.एड. करताना त्यांनी शिकवण्याचे धडे घेतलेले असतात. शाळा चालवायची कशी, पालकांची सभा कशी घ्यायची, चार वर्ग एकत्र बसवून वेळापत्रक कसे बांधायचे, हे बहुतेकांना नोकरीत आल्यावरच शिकावे लागते. प्रशिक्षणाची गरज खरी इथे आहे.

गुरुजी जातात कुठे?

केंद्राची शिक्षण परिषद : साधारण दहा शाळांचे मिळून एक केंद्र असते आणि त्यावर केंद्रप्रमुख असतात. हे पद राज्यात १९९४ मध्ये तयार झाले. केंद्रातले शिक्षक महिन्यातून एकदा एका शाळेत जमतात, त्याला शिक्षण परिषद म्हणतात. जुने लोक गटसंमेलन म्हणायचे, ते हेच. परिषद वेगवेगळ्या शाळांत फिरती ठेवली तर प्रत्येक मुख्याध्यापकाला शेजारच्या शाळा आतून बघायला मिळतात.

बीट आणि तालुका : काही केंद्रे मिळून एक बीट होते, ते शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांकडे असते. तालुक्याला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि गट साधन केंद्र असते. तालुक्याची प्रशिक्षणे बऱ्याचदा इथून होतात.

जिल्हा : जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजेच डाएट. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर देशभर या संस्था उभ्या राहिल्या. शिक्षकांना शिकवणारे लोक इथे असतात.

राज्य : पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद अभ्यासक्रम आणि प्रशिक्षणाचा आराखडा ठरवते. छत्रपती संभाजीनगरला मिपा ही संस्था आहे. शाळेचे नियोजन, प्रशासन आणि नेतृत्व हा तिचा खास विषय.

मोबाईलवर : २०१९ मध्ये केंद्र सरकारने निष्ठा नावाचा मोठा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. त्यात शिक्षकांबरोबर मुख्याध्यापकही होते. कोरोनात तो दीक्षा ॲपवर आला. कोर्स पूर्ण केला की प्रमाणपत्र मिळते.

याशिवाय १२ वर्षे सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवडश्रेणी मिळण्यासाठीही शिक्षकांना प्रशिक्षण घ्यावे लागते.

वर्षाला किती तास?

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा आहे. मुख्याध्यापकांसाठीही तेवढेच तास सांगितले आहेत. रोजचे सहा तास धरले तर हे आठ-नऊ दिवस होतात. यातला काही भाग ऑनलाइन करता येतो, म्हणजे सगळेच दिवस शाळेचे जातात असे नाही. दुसरीकडे शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच वर्षात बसवायच्या आहेत. त्यामुळे जाणारा प्रत्येक दिवस वसूल झाला पाहिजे.

याच धोरणात आणखी एक गोष्ट आहे. जवळच्या शाळांनी एकमेकींशी जोडून राहावे, साहित्य आणि शिक्षक वाटून वापरावेत, सरकारी आणि खासगी शाळांनी जोडी करून एकमेकांकडून शिकावे, असे त्यात म्हटले आहे. शाळा संकुलाची ही कल्पना मुळात कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात मांडली होती.

सातारचे कुमठे बीट : बघायला गेले ते काय घेऊन आले?

शाळेने शाळेकडून शिकण्याचे आपल्या राज्यातले नाव घेण्याजोगे उदाहरण म्हणजे सातारा जिल्ह्यातले कुमठे बीट. तिथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने जिल्हा परिषदेच्या शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवणे सुरू झाले. सोप्या भाषेत सांगायचे तर पोरं ओळीत बसून फळ्याकडे बघत नाहीत. गटात बसतात, खडे, मणी, काड्या, चित्रकार्डे हातात घेऊन शिकतात. कोण कुठे अडले ते गुरुजी बघतात आणि तिथे हात देतात.

२२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. त्या काळात राज्यभरातले शिक्षक, केंद्रप्रमुख आणि अधिकारी कुमठे बघायला गेले. गाड्या करून, पदरचे पैसे घालूनही गेले. आपल्यासारखीच जिल्हा परिषदेची शाळा, आपल्यासारखीच गावची पोरं, तरी ती वाचतात, हे डोळ्यांनी बघितल्यावर अनेकांची उमेद वाढली. दहा परिपत्रकांनी हे होत नाही.

पण यातली चूकही समजून घ्यावी. काही शाळांनी परत येऊन फरशीवर रंगीत आकडे आणि अक्षरांचे तक्ते काढले, फोटो टाकले आणि काम झाले म्हणून मोकळे झाले. रंग आला, पण पद्धत तीच राहिली. शेजाऱ्याने ठिबक केले म्हणून आपण नळ्या आणून टाकल्या आणि पाणी मात्र पाटानेच सोडले, तसा हा प्रकार. बघून यायचे ते भिंतीवरचे चित्र नव्हे. सकाळी साडेदहाला शाळा भरल्यावर पहिल्या अर्ध्या तासात गुरुजी नेमके काय करतात, ते बघून यायचे.

चांगली शाळाभेट कशी असते?

समजा, ३८ पटाची दोनशिक्षकी शाळा आहे. तिसरी-चौथीची ११ पोरं अजून उतारा वाचू शकत नाहीत. मुख्याध्यापकांनी काय करावे?

१. जाण्याआधी एकच प्रश्न ठरवावा. इथे प्रश्न आहे वाचनाचा. सगळीच शाळा बघायला गेले की काहीच बघून होत नाही.

२. शाळा जवळची निवडावी. आपल्याच केंद्रातली, आपल्याएवढ्याच पटाची. मोठी इमारत आणि आठ शिक्षक असलेल्या शाळेतले आपल्याकडे चालेलच असे नाही.

३. ऑफिसात चहा-सत्कारात वेळ न घालवता वर्गात मागे बसावे. समजा त्या शाळेत रोज पहिला तासभर इयत्ता बाजूला ठेवून पोरांचे वाचनाप्रमाणे गट करतात. अक्षर ओळखणारी एकीकडे, शब्द वाचणारी दुसरीकडे, उतारा वाचणारी तिसरीकडे. हे कसे चालते ते पूर्ण बघावे. पोरांच्या वह्या बघाव्यात, पोरांशी बोलावे.

४. तिथल्या गुरुजींना विचारावे, ‘तुमचे काय फसले?’ खरी शिकवण तिथून मिळते.

५. परत आल्यावर सोबतच्या शिक्षकाला बसवून सांगावे आणि एकच बदल करावा. महिनाभर रोज करावा. महिन्याने त्या ११ जणांचे वाचन पुन्हा तपासावे.

६. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आपल्या शाळेवर बोलवावे. त्यांनाही आपल्याकडून काही मिळेल. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी असली तरच टिकते.

कुठे बिघडते?

शिक्षण परिषदेत सूचना आणि माहितीच्या तक्त्यांवरच दिवस जातो, शिकवण्यावर बोलणे राहून जाते. एकाच दिवशी दोन्ही शिक्षकांना बोलावणे येते. ऑनलाइन कोर्स व्हिडिओ पुढे ढकलून संपवला जातो आणि प्रमाणपत्र निघते. आणि सगळ्यात मोठे म्हणजे, मुख्याध्यापक शिकून आलेले सांगायला शाळेत कोणी बसतच नाही. हे दोष फक्त गुरुजींचे नाहीत, पण गावाने लक्ष घातले तर यातले निम्मे तरी कमी होतील.

शाळा व्यवस्थापन समितीने काय विचारावे?

समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, निम्म्या सदस्य महिला असतात, अध्यक्ष पालकांतून असतो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे कायद्यानेच समितीचे काम आहे. त्यामुळे पुढचे प्रश्न विचारणे म्हणजे भांडण उकरणे नव्हे, तो समितीचा अधिकार आहे.

• या महिन्यात कोणते प्रशिक्षण किंवा परिषद झाली? विषय काय होता?
• तिथून आणलेली कोणती एक गोष्ट आपल्या वर्गात सुरू केली?
• त्याचा फरक कोणत्या पोरांवर आणि कसा तपासणार?
• गुरुजी बाहेर असतात त्या दिवशी वर्गाची सोय काय?
• पुढची शिक्षण परिषद आपल्या शाळेत घेता येईल का?

उत्तरे सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि पुढच्या सभेत तेच पान उघडून विचारावे. आवाज चढवायची गरज नाही. ‘गुरुजी, मागच्या महिन्यात वाचनाचं सांगितलं होतं, कुठवर आलं?’ एवढे पुरे.

गावानेही आपला वाटा उचलावा. एक शिक्षक बाहेर असेल त्या दिवशी शिकलेली सून किंवा कॉलेजचा पोरगा दोन तास गोष्टी वाचून दाखवायला बसू शकतो. अर्थात शाळेला आणि समितीला विचारून, आणि हजर शिक्षकाच्या देखरेखीत. परिषद आपल्या शाळेत असेल तर दोन पालकांनी जाऊन मागे बसायला विचारावे. शेजारच्या गावची शाळा बघायला मुख्याध्यापक निघाले तर समितीच्या एक-दोन सदस्यांनीही सोबत जावे. दुसऱ्या गावच्या पालकांनी काय केले ते पालकांनाच नीट कळते.

हे आत्ताच का?

कारण पट घसरतो आहे. सकाळी इंग्रजी शाळेची व्हॅन गावात येते आणि भरून जाते. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार सरकारने २०२३ मध्ये पुढे आणला, तेव्हापासून लहान गावांत धास्ती आहे. पोरगं वाचायला लागलं तर पालक शाळेवर विश्वास ठेवतात. ते शेजारच्या शाळेला जमत असेल तर कसे जमते, हे आपल्या मुख्याध्यापकांनी जाऊन बघितलेच पाहिजे. आणि बघून आले की गावाने त्यांना विचारलेच पाहिजे.

समितीची पुढची सभा कधी आहे, ते आजच शाळेत विचारून ठेवा.